गाळणी उघडू नये

कर्वेनगरच्या शेती-पाणी प्रशिक्षण केंद्रात शेतकऱ्यांना ठिबक सिंचन शिकवायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत आधी आल्या त्या शाली. मग नारळ आले, फेटे आले, पाहुण्यांसाठी गादीच्या खुर्च्या आल्या. नळ्या मात्र उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी आल्या, आणि त्याही टेम्पोवाल्यानं फाटकाबाहेरच टाकल्या. भांडारपाल गोपाळकृष्ण दातार यांनी ती काळी वेटोळी एकेक करून आत ओढली आणि हात झटकत शिपायाला म्हणाले, "आल्या बाबा एकदाच्या. नाहीतर शेतकऱ्यांना शालींना शाली जोडून पाणी न्यावं लागलं असतं."

दातार नारायण पेठेतले. सकाळी साडेनऊला सायकलवरून यायचे आणि साडेपाचला भांडाराला कुलूप घालून लकडी पुलावरून पेठेत परतायचे. घरी नाही, देवळात. तिथे सहाला कीर्तन उभं राहायचं आणि डावीकडच्या खांबाला टेकून दातार बसलेले असायचे. तीस वर्षांत खांब हलला नव्हता आणि दातारही. बुवांचा झांजेवरचा हात, मूळ अभंगापासून दूर जाऊन नेमकं त्याच चरणावर परत येणं, दृष्टान्त देताना आवाज खाली आणणं, या गोष्टींनी त्यांचे डोळे अजून भरून यायचे. जगातल्या बाकीच्या बोलण्याला त्यांच्याकडे एकच माप होतं. कीर्तनाचं. आणि त्या मापात बसेल असं दिवसभरात त्यांच्या कानांवर फारसं काही पडत नसे.

केंद्राचे प्रशिक्षणप्रमुख श्यामसुंदर आगाशे तर अजिबात बसत नसत. ते मागच्या वर्षी, एक्क्याण्णव साली, पंधरा दिवस इस्रायलला जाऊन आले होते, आणि तेव्हापासून त्यांचं प्रत्येक वाक्य तिथूनच निघायचं. "आम्ही इस्रायलमध्ये असताना" असं म्हणून ते पडद्यावर वाळवंटाचं चित्र लावत. खेड-शिवापूर, धायरी, हिंजवडी असल्या सहा गावांतून आलेली बारा माणसं ते वाळवंट बघत. मग दुसरं वाळवंट येई. पूर्वरंगात निरूपण करावं आणि उत्तररंगात गोष्ट सांगून ते माणसाच्या गळी उतरवावं, ही कीर्तनाची साधी रीत. आगाशे यांचा पूर्वरंगच संपत नसे. उत्तररंगाच्या वेळेला चहा येई.

"नळी जोडायला कधी घेणार, सायब?" असं हिंजवडीच्या एका म्हाताऱ्यानं पहिल्या दिवशी विचारलं होतं. आगाशे यांनी त्याला आधी संकल्पना समजून घ्यायला सांगितलं. म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि चहाच्या वेळी भांडाराच्या खिडकीशी येऊन, संकल्पना कुठल्या खोक्यात मिळते ते दातारांना विचारलं. दातारांनी त्याला बिस्किटाचा आख्खा पुडा दिला.

जोडायचं होतं ते तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी. मागच्या अंगणात प्रत्येकाला एक पिंप, एक गाळणी, नळीची एक ओळ आणि तिच्यावर थेंब थेंब पाणी सोडणारे दहा ड्रिपर मिळायचे. पिंपाचं पाणी सोडायचं, प्रत्येक ड्रिपरखाली पेला ठेवायचा आणि पाव तासानं बघायचं. ज्याच्या दहाही पेल्यांत सारखं पाणी, त्याला पिंपासकट अर्ध्या एकराचा संच. गावाला एकच.

धायरीहून दोघंजण होते. धायरी तेव्हा अजून कागदोपत्री गाव होतं, पण सिंहगड रस्त्यानं बंगले धायरीपर्यंत चालत आले होते. दोघांपैकी एक आप्पासाहेब. त्यांनी आपली निम्मी शेती प्लॉट पाडून विकली होती आणि उरलेल्या निम्मीवर मंगल कार्यालय बांधलं होतं. संच त्यांना कार्यालयाच्या हिरवळीसाठी हवा होता. लग्नाच्या फोटोत मागे हिरवं दिसावं लागतं, असं ते मोकळेपणानं सांगत. शिकायचा त्रास मात्र त्यांनी घेतला नव्हता. त्यासाठी भैरू नावाचा त्यांचा गडी बरोबर होता. आप्पासाहेब पहिल्या रांगेत बसत, भैरू त्यांच्या मागे बसे, आणि आगाशे काही महत्त्वाचं बोलले की आप्पासाहेब मागे वळून म्हणत, "ऐकलंस का रे?"

दुसरी सोजरबाई. चाळिशीची, किडकिडीत, बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघणारी बाई. कार्यालयाच्या भिंतीला लागूनच तिची पंधरा गुंठे गुलछडी होती. तिची सगळी हकिगत दातारांना पहिल्याच दिवशी कळली, कारण ती चहा घ्यायला हॉलमध्ये थांबत नसे, खिडकीशी येऊन खोक्यांतल्या वस्तू न्याहाळत उभी राही. नवरा कारखान्यात होता, शेताकडे बघत नव्हता. होळीनंतर विहिरीला तासाभराचंच पाणी उरायचं आणि त्यातलं निम्मं पाटातच मुरायचं. मागच्या उन्हाळ्यात निम्मे कंद वाळले. तेव्हापासून आप्पासाहेबांनी तिच्या सासऱ्याच्या मागे लकडा लावला होता, की ती जागा आमच्या वऱ्हाडाच्या गाड्या लावायला द्या. सासऱ्यानं शब्द देऊन टाकला होता, फक्त एक अट घालून. या चैत्रात गुलछडी वाचली तर जागा सुनेची, वाळली तर आप्पासाहेबांची.

"म्हंजी बघा," ती म्हणाली, "पानी माझ्या रोपाला पोचलं न्हाई तर तिथं जीपा हुब्या ऱ्हातील."

दातारांनी मान हलवली होती. ते चांगल्या मनाचे गृहस्थ होते, कुणाचं दुःख ऐकलं की त्यांना खरंच वाईट वाटायचं. वाईट वाटून झालं की ते घड्याळाकडे बघायचे.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला ते कुलूप लावायला उभे होते तेव्हा ती परत आली. हातात गाळणी होती. काळ्या प्लॅस्टिकचं, मुठीएवढं भांडं, एका बाजूनं पाणी आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर. शेतकरी तिला फिल्टर म्हणत. दातारांनी वहीत गाळणी असं लिहिलं होतं आणि तेच बरोबर होतं.

"काका, ह्येच्या आत काय हाय त्ये दावा की. आगाशेसायबांनी चित्र दावलं, पन चित्रात त्ये बंदच हुतं."

दातारांनी दारावरच्या पाटीकडे बोट केलं. पाटी त्यांच्याच वळणदार अक्षरात होती.

गाळणी उघडू नये. का, असे विचारू नये. — भांडारपाल

यामागे इतिहास होता. मागच्या तुकडीत कुणीतरी दोन गाळण्या उघडल्या आणि आतली रबरी कडी हरवली. दोन कड्यांपायी दातारांना तीन खुलासे लिहावे लागले. आगाशे यांनी तिन्ही परत पाठवले होते, एक तर शुद्धलेखनासाठी. दातारांच्या शुद्धलेखनात चूक काढणारा माणूस जन्माला आला आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. दुसऱ्याच दिवशी पाटी लागली.

सोजरबाईला वाचता येत होतं. तिनं पाटी सावकाश वाचली, मग म्हणाली, अर्धा घंटा फक्त. दातार म्हणाले की उद्या बघू. उद्या तर जोडायचंच आहे, ती म्हणाली. दातारांनी तिच्या हातातून गाळणी घेतली, फळीवर ठेवली, कुलूप लावलं, कुलूप ओढून बघितलं आणि सायकलवर टांग मारली. सहाला नमन उभं राहतं. नमन चुकलं की त्यांना सगळं कीर्तन अर्धवट वाटायचं.

त्या संध्याकाळी बुवांनी निरूपणाला नवविधा भक्ती घेतली होती आणि त्यातली पहिली, श्रवण. दातार सुखावले. हा त्यांचा विषय. बुवा म्हणाले की डोळे मिटता येतात, तोंड मिटता येतं, पण देवानं कानाला झाकण दिलेलं नाही, कारण ऐकणं ही माणसाच्या मर्जीवर सोडायची गोष्ट नव्हे. दातारांनी दाद द्यायला मान वर केली आणि ती तशीच राहिली. तीस वर्षं या खांबाशी बसून आपण ऐकत आलो, हा त्यांचा केवढा अभिमान. आणि तासाभरापूर्वी एक बाई समोर उभी राहून विचारत होती, तर आपण बोट दाखवलं, तेही पाटीकडे. बुवा पुढे गायले, झांज वाजली, लोक विठ्ठल विठ्ठल म्हणाले. दातारांनीही म्हटलं. पण त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला, आणि तो आगाशे यांच्यासारखा लागला.

घरी मंदाकिनीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, आज काय होतं म्हणून विचारलं. दातार म्हणाले, श्रवणभक्ती होती. ऐकलीत का, त्यांनी विचारलं. दातारांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि जेवले.

सकाळी सातलाच ते केंद्रात आले. शिपाई अजून झाडत होता. फाटकाशी कट्ट्यावर सोजरबाई बसलेली होती, धायरीहून पहिल्या बसनं आलेली. मागच्या अंगणात बाराही पिंपं रांगेनं मांडलेली होती, निदान ती बघून तरी ठेवावीत म्हणून ती लवकर आली होती. दातारांनी दार उघडलं, दारावरची पाटी उचलून आत कपाटात टाकली आणि फळीवरची गाळणी काढून तिच्या पुढ्यात ठेवली.

"उघडा," ते म्हणाले. "रबरी कडी हरवली तर माझी हरवेल."

तिनं टोपण फिरवलं. आत नळकांड्याच्या आकाराची बारीक जाळी होती. तिनं ती काढून उजेडात धरली आणि विचारलं, घाण आतल्या अंगाला धरते की बाहेरच्या? असल्या गाळण्या दातारांनी शेकड्यांनी दिल्या-घेतल्या होत्या. आत बघितलं होतं ते फक्त कडी हरवली का हे पाहायला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. हे वाक्य उच्चारायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते जरा मोठ्यानं निघालं.

मग दोघांनी बादलीत चिमूटभर माती कालवली, पाणी नळीनं गाळणीतून सोडलं आणि परत उघडून बघितलं. माती आतल्या बाजूला बसली होती. सोजरबाईनं जाळी पाण्यात उलटी हलवली, अंगठ्यानं पुसली, कडी नीट बसवली, टोपण आवळलं. परत माती, परत पाणी. सात वेळा तिनं ते केलं. शेवटच्या दोन वेळा डोळे मिटून, हातांना कळतंय का ते बघत. दातारांनी चहा मागवला आणि पहिल्यांदाच खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभं राहून प्यायला. धार बारीक झाली की पहिली जाळी बघायची, मग नळीचं टोक उघडून तिच्यात अडकलेलं वाहून जाऊ द्यायचं, हे ती स्वतःशीच पुटपुटत होती, घोकत असल्यासारखी. हिला दोन दिवस वाळवंट दाखवलं, दातारांच्या मनात आलं. हिला.

अकराला पाहुणे आले. कुठल्याशा महामंडळाचे अध्यक्ष होते. महामंडळ कशाचं ते निमंत्रणपत्रिकेतही नीट आलं नव्हतं. बाराही जणांनी आपापल्या ओळी जोडून ठेवल्या होत्या. आप्पासाहेबांची भैरूनं जोडली होती आणि आप्पासाहेब पाहुण्यांना ती आपली म्हणून दाखवत होते. पिंपांना झेंडूच्या माळा घातलेल्या होत्या, आणि दातारांनी पाहिलं, की कचेरीतली हेमा पूजेचं तबक घेऊन उभी आहे. हळद, कुंकू, अक्षता, फुलं आणि मोठ्या तांब्यात पंचामृत.

दातार आगाशे यांच्याजवळ गेले आणि हे कशासाठी, असं विचारलं.

"जलपूजन," आगाशे म्हणाले. "छान कल्पना आहे ना? पाहुणे प्रत्येक पिंपाचं पूजन करतील, मग पाणी सोडायचं."

"पिंपाचं करू दे. पिंपात नको."

"दातार, हा श्रद्धेचा विषय आहे. आपण तरी असं बोलू नये."

दातारांच्या घरात रोज सकाळी पंचामृताचा अभिषेक होत असे. देवाला पंचामृत चालतं, ड्रिपरला चालत नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. देव मोठा आहे, ड्रिपरचं भोक मोहरीपेक्षाही बारीक आहे. पण ज्या माणसानं देवळाची पायरी कधी चढली नव्हती तो आपल्याला श्रद्धा शिकवतो आहे, हे ऐकून ते हात जोडून बाजूला झाले.

पाहुण्यांचा हात सढळ होता. प्रत्येक पिंपात त्यांनी पळीभर पंचामृत घातलं, वर चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू, मूठभर अक्षता, एक फूल. फोटोवाला आप्पासाहेबांच्या पिंपाशी उभा होता, म्हणून तिथे तांब्यातलं उरलेलं सगळंच ओतण्यात आलं. पाणी गुलाबीसर पांढरं झालं. टाळ्या पडल्या. आगाशे यांनी घड्याळ बघून पाणी सोडायला सांगितलं.

पहिली दोन मिनिटं बहुतेक सगळ्या ओळी ठिबकल्या. आगाशे यांनी पाहुण्यांना इस्रायल सांगायला सुरुवात केली. ते अर्ध्या वाटेत असतानाच एकेक ओळ मंदावायला लागली. जाळ्या दुधानं आणि कुंकवानं तुंबल्या होत्या. हिंजवडीच्या म्हाताऱ्यानं नळी झटकली, कुणी पिंप हलवलं, कुणी ड्रिपरला तोंड लावून ओढून बघितलं आणि मध लागला म्हणून हसला. गाळणी कुणीच उघडली नाही. दोन दिवस दारावरची पाटी सगळ्यांनी वाचली होती, आणि सगळे सज्जन होते.

सोजरबाईची धार बारीक होताच तिनं पिंपाची तोटी बंद केली आणि गाळणीचं टोपण फिरवलं.

"अहो बाई, तिला हात लावू नका," आगाशे धावले. "दातार, यांना नियम सांगितलेला नाही का?"

"नियम माझा होता," दातार म्हणाले. "मूर्खपणाचा होता. सकाळी काढून टाकला."

आगाशे यांनी त्यांच्याकडे बघितलं. दातारांनी कशाला तरी मूर्खपणा म्हणणं केंद्राला नवीन नव्हतं; स्वतःच्या गोष्टीला म्हणणं नवीन होतं. तोवर सोजरबाईनं जाळी उलटी धुतली होती, कडी बसवली होती, नळीचं टोक उघडून दोन ओंजळी पाणी वाहू दिलं होतं आणि टोक परत दुमडून बंद केलं होतं. पाव तासात तिनं हे तीन वेळा केलं. मान वर केली नाही. दर वेळी तोटी बंद झाली की दहाही ड्रिपर एकदम थांबत आणि उघडली की एकदम सुरू होत, त्यामुळे पेल्यांत पाणी थोडं असलं तरी सारखं होतं. फुटपट्टी लावून बघितलं. केसाचा फरक नव्हता.

आप्पासाहेबांच्या ओळीला पहिल्या ड्रिपरमधून एक गुलाबी थेंब आला. दुसऱ्याच्या तोंडाशी तांदळाचा कण दिसत होता. बाकीचे आठ पेले कोरडे होते. हे सगळ्यांना चमत्कारिक वाटलं, कारण इतरांचं निदान गाळणीत अडकलं होतं, यांचं थेट ड्रिपरपर्यंत कसं गेलं? दातारांनी गाळणी उघडली. आत जाळीच नव्हती.

भैरूनं खिशात हात घातला आणि जाळी काढून समोर धरली. सकाळी ओळ जोडून झाल्यावर मालकांनी पाणी सोडून बघायला लावलं होतं, तेव्हा ते सावकाश येत होतं. "मालक म्हनलं, आत काय अडतंय त्ये काढून टाक," भैरू म्हणाला. "म्या काढलं."

हिंजवडीचा म्हातारा खो खो हसत खाली बसला. आप्पासाहेबांनी भैरूकडे बघितलं नाही. पूजेला विघ्न आलं, एवढं ते पाहुण्यांना म्हणाले, आणि पाहुण्यांनी गंभीरपणे मान हलवली.

आता खरं तर काही ठरवायचं उरलं नव्हतं. पण आगाशे यांच्या हातातल्या पाकिटात धायरीचं प्रशस्तिपत्र होतं, त्यावर आप्पासाहेबांचं नाव सोनेरी शाईत परवाच घातलं गेलं होतं, आणि केंद्राचा वार्षिक मेळावा आप्पासाहेबांच्या कार्यालयात फुकट व्हायचा होता. आगाशे यांनी दातारांना बाजूला घेतलं. दोघांनीही प्रयत्न केला आहे, ते म्हणाले. पेले हा एक निकष झाला, पण सहभागही बघायला हवा. संच दोघांत वाटून देता येईल का? कुणालाच वाईट वाटायला नको.

सोजरबाई चार पावलांवर उभी होती. तिला सगळं ऐकू येत होतं. तिनं ओले हात पदराला पुसले नव्हते, तसेच लोंबकळत सोडले होते.

दातारांच्या डोक्यात संतापानं काहीतरी चढत गेलं, आणि अशा वेळी पेठेतला माणूस ओरडत नाही.

"उत्तम," ते म्हणाले. "पिंप आप्पासाहेबांना द्या. नळ्या, ड्रिपर आणि गाळणी बाईंना. पूजाही होईल आणि शेतीही होईल."

आगाशे यांचा चेहरा उजळला. त्यांनी दातारांचा हात हातात घेतला. "दातार, हेच मला सुचत नव्हतं," ते म्हणाले, आणि पाहुण्यांकडे निघाले.

दातार जागच्या जागी उभे राहिले. तीस वर्षं ते उपहासानं बोलत आले होते, आणि आजवर कुणी त्याची अंमलबजावणी केली नव्हती. पाहुण्यांना तोडगा फार आवडला. आप्पासाहेबांनी क्षणभर विचार केला, मग पिंपाकडे बघितलं. नवं निळंशार पिंप, त्यावर केंद्राचं नाव आणि मोठ्या अक्षरांत 'पाणी हेच जीवन'. हार अजून ताजा होता. कार्यालयाच्या दाराशी ठेवता येईल, असं त्यांनी फोटोवाल्याला सांगितलं. जोडीला प्रशस्तिपत्रही होतंच.

दातार भानावर आले आणि धावत भांडारात गेले. आगाशे यांचं मत बदलायच्या आत कागद करायला हवा होता. पिंप आप्पासाहेब, बाकीचं सगळं सोजरबाई, असं त्यांनी दोन ओळींत लिहिलं आणि आगाशे यांनी तिथल्या तिथे सही केली. या खेपेला शुद्धलेखन तपासलं नाही.

"पिंपाचं वाईट वाटतंय का?" दातारांनी विचारलं.

"मला पिंप कशाला हवं?" सोजरबाई म्हणाली. "इहिरीवर सिमिटाचा हौद हाय की. त्येच्यात धा पिंपं बसत्याल."

एवढं बोलून ती खाली वाकली आणि नळीचं वेटोळं खांद्यावर घ्यायला लागली.

आप्पासाहेबांची जीप निघाली तेव्हा मागे पिंप उभं केलेलं होतं आणि पडू नये म्हणून भैरू त्याला मिठी मारून बसला होता. आप्पासाहेबांनी काच खाली केली. ते रागावलेले नव्हते, उलट बरेच प्रसन्न होते. जागेचं चैत्रात बघू, असं ते सोजरबाईला म्हणाले.

"बघा की," ती म्हणाली. "कुंपनाच्या पल्याडनं."

दुपारभर निरोपाची भाषणं झाली. साडेपाचला दातारांनी कुलूप लावलं आणि गाळणी व ड्रिपरची पिशवी सायकलच्या हँडलला अडकवून ते तिच्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत आले. स्वारगेटची बस उभीच होती. तिथून ती धायरीची धरणार होती. वेटोळं दारातून आत जाईना. कंडक्टर जयसिंग वेल्ह्याकडचा माणूस. त्यानं ते हातानं अडवलं आणि ही वायर बसमध्ये चालणार नाही म्हणून सांगितलं.

"वायर न्हाई वो, पान्याची नळी हाय," सोजरबाई म्हणाली आणि वेटोळं उभं करून आत सारलं.

पाण्याची एवढीशी नळी कशी, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. त्याच्या बापानं यंदा चिकूची रोपं लावली होती आणि आई लांबून हंड्यानं पाणी घालत होती. मग त्यानं घंटेची दोरी सोडून दिली आणि दोन रोपांत अंतर जास्त असलं तर चालतं का, हे विचारलं. ड्रायव्हरनं दोनदा मागे वळून पाहिलं, तिसऱ्यांदा गाडी बंद केली आणि तोही उठून आला. खिडकीशी बसलेल्या एका पेन्शनर गृहस्थांनी छत्री आपटली. "गाडी सुटणार नसेल तर तसं सांगा," ते म्हणाले, "म्हणजे आम्हीही वही काढतो."

दातार खाली पायरीशी उभे होते. देवळात एव्हाना झांजा निघाल्या असतील. त्यांनी पिशवी वर दिली. सोजरबाईनं तिच्यातून गाळणी काढली, टोपण फिरवलं आणि जाळी जयसिंगच्या हातात ठेवली.

"आन ह्यात घान अडकल्यावर?" जयसिंगनं विचारलं.

"थांबा, दावते," ती म्हणाली, आणि दारातून वाकून बघितलं. "काका, बादलीभर पानी आना. आन येताना चिमूटभर माती."

दातार पाणी आणायला गेले.